कळसूत्री बाहुल्यांचे अवकाशयुग

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक प्रचंड विमान खाली उतरत आहे. त्याच्या चाकांच्या कप्प्यात कोणीतरी बाँब लपवून ठेवला आहे. चाके बाहेर काढली की स्फोट होणार, आणि चाकांशिवाय उतरावे तर विमान धावपट्टीवर घासून पेट घेणार. इतक्यात धावपट्टीवर काही यांत्रिक गाड्या विमानाच्याच वेगाने धावू लागतात, आणि विमान त्यांच्या पाठीवर अलगद टेकते. पाहणाऱ्याच्या छातीत धडधड होते.

विद्यार्थी मित्रांनो, आता या दृश्यामागची हकीकत ऐका. ते विमान टेबलावर मावण्याजोगे होते. ज्या वेगाने ते धावताना दिसते, त्या वेगाने ते मुळीच धावत नव्हते. ते जवळपास जागच्या जागीच होते, आणि त्याच्याखालची धावपट्टी पट्ट्यासारखी मागे सरकत होती! विमानातील प्रवासी, वैमानिक, सुटकेसाठी आलेले शूर तरुण, हे सारे दोऱ्यांना टांगलेल्या बाहुल्या होत्या.

'थंडरबर्ड्‌स' या इंग्रजी मालिकेचा हा पहिला भाग ३० सप्टेंबर १९६५ रोजी ब्रिटनमध्ये प्रक्षेपित झाला. जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या दांपत्याने तो लिहिला होता आणि अॅलन पॅटिलो यांनी तो दिग्दर्शित केला होता. जेरी अँडरसन हे लेखक, दिग्दर्शक आणि निर्माते. विज्ञानकथेला दूरचित्रवाणीवर मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. ते शास्त्रज्ञ नव्हते, परंतु त्यांच्या कामात पदार्थविज्ञानाचे इतके धडे दडलेले आहेत की त्यांची ओळख तुम्हाला करून द्यावी असे वाटते.

नको असलेले काम

जेरी अँडरसन यांचा जन्म १४ एप्रिल १९२९ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचा थोरला भाऊ लायनेल दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलात वैमानिक होता. प्रशिक्षणासाठी तो अमेरिकेतील अॅरिझोना प्रांतात गेला, तेव्हा तेथून पाठवलेल्या पत्रांत त्याने जवळच्या 'थंडरबर्ड फील्ड' या विमानतळाचा उल्लेख केला होता. १९४४ मध्ये लायनेल युद्धात मारला गेला. धाकट्या भावाच्या मनात ते नाव मात्र घर करून राहिले, आणि पुढे वीस वर्षांनी ते जगभरच्या मुलांच्या तोंडी झाले.

शिक्षण संपल्यावर जेरींनी प्रथम प्लास्टरचे नक्षीकाम शिकायला घेतले. पण प्लास्टरमुळे त्यांच्या हातांच्या त्वचेला विकार जडला आणि ते काम सोडावे लागले. मग ते चित्रपटांच्या संकलन विभागात उमेदवारी करू लागले. फिल्मचे तुकडे कापणे, जोडणे, आवाज आणि चित्र यांचा मेळ घालणे ही कला त्यांनी तेथे आत्मसात केली. पुढे १९५७ मध्ये त्यांनी छायालेखक आर्थर प्रोव्हिस यांच्यासह स्वतःची संस्था काढली. मोठ्या पडद्यासाठी, खरोखरीच्या नटांना घेऊन, चित्रपट काढायचे हे त्यांचे स्वप्न होते.

पण काम कोठून मिळणार? पैसे संपत आले. अशा वेळी रॉबर्टा ली या लेखिका एक मालिका घेऊन आल्या. एकूण ५२ भाग! आनंद झाला, पण लगेच कळले की सगळी पात्रे बाहुल्यांची आहेत. अँडरसन यांची पुरती निराशा झाली. तरीही पोटासाठी त्यांनी ते काम पत्करले आणि मनाशी एक निश्चय केला. बाहुल्यांचेच चित्रण करायचे असेल, तर ते खऱ्या चित्रपटासारखे करायचे. लांबून एकाच जागी कॅमेरा ठेवून बाहुल्यांचा खेळ टिपायचा नाही. जवळची दृश्ये घ्यायची, प्रकाशयोजना करायची, देखावे खरे वाटतील असे उभे करायचे.

हा निश्चय केला आणि अडचणींना सुरुवात झाली.

ओठ हलवणारा विद्युत्चुंबक

आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या प्रसिद्ध आहेत. त्या खेळात बाहुलीचे ओठ हलले नाहीत तरी बिघडत नाही, कारण प्रेक्षक दूर बसलेला असतो आणि सूत्रधाराचा आवाज व बाहुलीचा नाच यांतच तो रंगून जातो. कॅमेरा मात्र बाहुलीच्या नाकाशी नेला, की निश्चल ओठ डोळ्यांत खुपतात. हाताने दोरी ओढून ओठ हलवावेत, तर प्रत्येक शब्दाशी मेळ साधणे कठीण.

अँडरसन यांच्या चमूने यावर जो उपाय शोधला, तो तुमच्या दहावीच्या पुस्तकातलाच आहे. तारेच्या लांबट वेटोळ्याला आपण नालकुंतल म्हणतो. त्यातून वीजप्रवाह वाहू लागला की त्याचा चुंबक होतो आणि जवळचा लोखंडाचा तुकडा तो आत ओढून घेतो. प्रवाह थांबला की ओढ संपते. असे चिमुकले नालकुंतल बाहुलीच्या डोक्यात बसवले आणि त्याची हालचाल खालच्या ओठाला जोडली. नटांचे संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असत. त्या ध्वनीचे रूपांतर विजेच्या स्पंदांत करून ते स्पंद बाहुलीच्या डोक्यापर्यंत पोचवले जात. आवाज आला की ओठ उघडे, आवाज थांबला की मिटे. आणि हे स्पंद पोचवायचे कशातून? ज्या बारीक धातूच्या तारांवर बाहुली टांगलेली, त्याच तारांतून! एकाच तारेने भारही पेलला आणि वीजही वाहून नेली.

१९६० च्या 'फोर फेदर फॉल्स' या मालिकेत ही युक्ती प्रथम वापरली गेली. या साऱ्या पद्धतीला अँडरसन यांनी 'सुपरमॅरिओनेशन' असे भारदस्त नाव दिले.

पण या युक्तीची किंमत मोजावी लागली. नालकुंतल डोक्यात मावायचे, तर डोके मोठे हवे. म्हणून 'थंडरबर्ड्‌स'मधील बाहुल्यांची डोकी शरीराच्या मानाने मोठी दिसतात. १९६७ च्या 'कॅप्टन स्कार्लेट' मालिकेच्या वेळी ही यंत्रणा बाहुलीच्या छातीत हलवण्यात आली, आणि डोक्यांना माणसाचे प्रमाण मिळाले.

बाहुलीला चालता का येत नाही?

दुसरी अडचण अधिक बिकट होती. बाहुली कितीही सफाईने चालवली, तरी ती चालल्यासारखी वाटत नाही, तरंगल्यासारखी वाटते. असे का व्हावे?

आपण चालतो म्हणजे काय करतो, ते आठवा. आपले पाऊल जमिनीला मागे रेटते, आणि घर्षणामुळे जमीन आपल्याला तितक्याच बलाने पुढे रेटते. हा न्यूटनचा तिसरा नियम. हे घर्षण किती मिळणार, ते पाऊल जमिनीवर किती दाबले जाते यावर अवलंबून असते. आता बाहुलीचे पाहा. तिचे जवळजवळ सारे वजन वरच्या तारांनी पेललेले असते. पाय जमिनीला नुसते स्पर्श करतात. दाब नाही, म्हणून घर्षण नाही. घर्षण नाही, म्हणून खरे चालणे नाही. आपल्याला समीकरण मांडता आले नाही, तरी आपला डोळा ही लबाडी तत्काळ ओळखतो.

निसर्गाचा नियम बदलता येत नाही. तेव्हा अँडरसन यांनी कथाच बदलली! ज्या कथेत माणसांना फारसे चालावे लागत नाही, अशी कथा कोणती? भविष्यकाळातली. तेथे माणसे यानांत बसून हिंडतात, सरकत्या पट्ट्यांवर उभी राहतात, घसरगुंडीवरून थेट वैमानिकाच्या आसनावर जाऊन पडतात. 'स्टिंगरे' मालिकेतील सेनापती तर हवेत तरंगणाऱ्या खुर्चीतूनच वावरतो. १९६१ ची 'सुपरकार', १९६२ ची 'फायरबॉल एक्सएल-५', १९६४ ची 'स्टिंगरे' या मालिकांतून उडत्या मोटारी, अवकाशयाने आणि पाणबुड्या अवतरल्या. त्यामागे भविष्याची ओढ होती हे खरेच. पण बाहुलीचे न चालणारे पाय हेही तितकेच मोठे कारण होते.

लहान वस्तू मोठी कशी दिसेल?

आता तिसरा प्रश्न. समजा, ५० मीटर उंचीचा मनोरा कोसळताना दाखवायचा आहे. आपण त्याची २ मीटर उंचीची प्रतिकृती केली, म्हणजे मूळ मनोऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाची. ती कितीही हुबेहूब असली तरी पाडल्याबरोबर खेळणे वाटते. चूक कोठे होते?

चूक वेळेत होते. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तुम्ही शिकला आहात. ५० मीटर उंचीवरून पडणाऱ्या दगडाला जमिनीवर पोचायला सुमारे ३.२ सेकंद लागतात. २ मीटरवरून पडायला सुमारे ०.६४ सेकंद पुरतात. म्हणजे उंची २५ पट कमी केली, पण वेळ फक्त ५ पट कमी झाला, कारण २५ चे वर्गमूळ ५. आपल्या डोळ्यांना अनुभवाने ठाऊक असते की मोठ्या वस्तू सावकाश कोसळतात. म्हणून प्रतिकृतीचे कोसळणे ५ पट संथ करून दाखवले, तर ती ५० मीटरची वाटू लागेल.

चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे घेतली जातात आणि त्याच गतीने दाखवली जातात. कॅमेरा ५ पट वेगाने चालवून सेकंदाला १२० चित्रे घेतली आणि ती २४ च्या गतीने दाखवली, तर १ सेकंदाची घटना ५ सेकंद चालते. 'थंडरबर्ड्‌स'ची स्फोटांची दृश्ये नेमकी अशीच, सेकंदाला १२० चित्रांच्या गतीने टिपलेली आहेत. अर्थात प्रत्येक चित्राला प्रकाश मिळण्याचा काळ पाचवा हिस्सा झाला, म्हणून दिव्यांचा प्रकाश पाचपट हवा.

या विभागाचे प्रमुख डेरेक मेडिंग्ज हे होते. आपण आरंभी पाहिलेली सरकती धावपट्टी ही त्यांच्याच विभागाची करामत. विमान पुढे गेले काय किंवा जमीन मागे गेली काय, सापेक्ष गती तीच! मागे आकाशाचा रंगवलेला पडदाही सरकत असे.

पाण्याने मात्र त्यांना दाद दिली नाही. पाण्याच्या थेंबाचा आकार पृष्ठताणामुळे ठरतो. नौका लहान केली म्हणून थेंब काही लहान होत नाही. तेव्हा 'स्टिंगरे'तील समुद्राखालची बरीच दृश्ये कोरड्या जागेतच चित्रित केली गेली. कॅमेऱ्यासमोर काचेची एक अरुंद टाकी ठेवली, तिच्यात छोटे मासे आणि बुडबुडे सोडले, आणि टाकीपलीकडे तारांवरची पाणबुडी हलवली.

याच कार्यशाळेत तयार झालेले कारागीर पुढे जगभर गाजले. मेडिंग्ज यांना 'सुपरमॅन' या १९७८ च्या चित्रपटातील कामाबद्दल सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळाले.

लेंगडेची खाण

युक्त्या झाल्या. पण 'थंडरबर्ड्‌स' ही मालिका नुसत्या युक्त्यांवर उभी नाही. तिचा उगम एका खऱ्या संकटात आहे.

२४ ऑक्टोबर १९६३ रोजी त्या वेळच्या पश्चिम जर्मनीत लेंगडे गावाजवळच्या लोखंडाच्या खाणीवर आपत्ती कोसळली. खाणीच्या वर असलेला गाळपाण्याचा तलाव फुटला आणि पाणी व चिखल खाणीत घुसला. त्या वेळी आत १२९ माणसे होती. बरेच जण पहिल्या काही तासांत बाहेर पडले. उरलेल्यांसाठी जमिनीवरून भोके पाडून शोध सुरू झाला. मोठी छिद्रणयंत्रे दूरच्या ठिकाणांहून आणावी लागली, आणि खाली माणसे मृत्यूच्या दाढेत असताना वर यंत्राची वाट पाहण्यात वेळ जात होता. अखेर सुमारे ६० मीटर खोलीवर ११ माणसे जिवंत असल्याचे आढळले. त्यांच्यापर्यंत भोक पाडून त्यातून एक अरुंद नळकांडे सोडण्यात आले. माणसाच्या खांद्याइतके जेमतेम रुंद, सुमारे अडीच मीटर लांब. त्यात एकेकाला उभे करून वर ओढले. १४ दिवसांनी, ७ नोव्हेंबर रोजी, ते अकराही जण प्रकाशात आले. २९ जण मात्र वाचू शकले नाहीत.

ही बातमी अँडरसन यांनी ऐकली तेव्हा ते नव्या मालिकेच्या विचारात होते. त्यांच्या मनात आले, अशी यंत्रे आधीच सज्ज ठेवली आणि हाक येताच जगात कोठेही काही तासांत नेता आली तर? यातूनच 'आंतरराष्ट्रीय सुटका' संघटनेची कल्पना जन्मली. माजी अंतराळवीर जेफ ट्रेसी आणि त्यांचे पाच मुलगे ही संघटना चालवतात. स्कॉट, व्हर्जिल, अॅलन, गॉर्डन आणि जॉन ही त्यांची नावे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळवीरांवरून घेतली आहेत. त्यांच्याकडे पाच याने आहेत. पहिले अतिवेगवान, पाहणीसाठी. दुसरे अवजड मालवाहू, पोटात छिद्रणयंत्र किंवा अन्य यंत्रे घेऊन जाणारे. तिसरे अवकाशात जाणारे, चौथे पाण्याखाली जाणारे. आणि पाचवे म्हणजे पृथ्वीभोवती फिरत संकटाच्या हाका ऐकणारे अवकाशस्थानक.

या मालिकेत शत्रूला ठार करण्यापेक्षा अडकलेल्याला सोडवणे महत्त्वाचे मानले आहे. घड्याळाचा काटा हाच तिच्यातला खरा खलनायक. युद्धात भाऊ गमावलेल्या माणसाने ती घडवली होती, हे विसरू नका.

चंद्र कक्षेबाहेर जाईल काय?

'थंडरबर्ड्‌स'चे एकूण ३२ भाग झाले. पुढे अँडरसन यांना हवे होते ते मिळाले. १९७० मध्ये आलेली 'यूएफओ' ही मालिका खऱ्या नटांची होती, आणि तिचा पहिला भाग त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला. १९७५ मध्ये 'स्पेस : १९९९' आली. तिची सुरुवात अशी : चंद्रावर साठवलेल्या अणुकचऱ्याचा १३ सप्टेंबर १९९९ रोजी स्फोट होतो, चंद्र कक्षेबाहेर फेकला जातो आणि त्यावरील माणसांसह ताऱ्यांच्या दिशेने भटकत निघतो.

प्रसिद्ध विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्ह यांनी त्याच वर्षी या कल्पनेवर टीका केली. आपणही हिशेब करून पाहू. चंद्र सेकंदाला सुमारे १ किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरतो. पृथ्वीच्या पकडीतून सुटायला त्याचा वेग सुमारे १.४ पट, म्हणजे गतिज ऊर्जा दुप्पट व्हायला हवी. चंद्राचे वस्तुमान घेऊन गणित केले, तर ही वाढीव ऊर्जा ३८ या आकड्यापुढे २७ शून्ये मांडली म्हणजे होईल इतके ज्यूल भरते. हे सुमारे ९ लाख कोटी मेगाटन झाले. आजवरचा सर्वांत मोठा अणुस्फोट सोव्हिएत संघाने १९६१ मध्ये केला. तो सुमारे ५० मेगाटनांचा होता. असे सुमारे १८ हजार कोटी बाँब लागतील! शिवाय, कसाबसा सुटलेला चंद्र सेकंदाला १० किलोमीटर वेगाने निघाला असे मानले, तरी सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत पोचायला त्याला सव्वा लाख वर्षांहून अधिक काळ लागेल. मालिकेत मात्र दर आठवड्याला नवा ग्रह भेटतो.

बाहुल्यांच्या मालिकांत दोरी, वजन, घर्षण यांनी अँडरसन यांना सारखे अडवले, आणि त्या अडवणुकीतूनच नव्या कल्पना निघाल्या. चंद्राला ढकलताना अडवणारे कोणी नव्हते, आणि कथा घसरली. विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कल्पना आणि वास्तव

सुटकेची कल्पना मात्र वास्तवाच्या कसोटीला उतरली. संकटाची हाक ऐकणारे पाचवे यान घ्या. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून 'कोस्पास-सारसॅट' ही उपग्रहयोजना उभारली, आणि १९८२ मध्ये तिने पहिले प्राण वाचवले. बुडती जहाजे व अपघातग्रस्त विमाने यांच्या हाका ती उपग्रहांद्वारे ऐकते. भारतही तिच्यात सहभागी असून इस्रोची केंद्रे बंगळूर आणि लखनौ येथे आहेत.

लेंगडेच्या नळकांड्याचे तत्त्व आपल्या देशातही उपयोगी पडले. नोव्हेंबर १९८९ मध्ये पश्चिम बंगालमधील राणीगंजच्या महाबीर कोळसा खाणीत पाणी घुसले आणि ७१ कामगार अडकले. अभियंते जसवंतसिंग गिल यांनी पोलादी कुपी तयार करवून घेतली, आणि नव्या भोकातून ते स्वतः खाली उतरले. ६५ जण वर आले. चिलीमध्ये २०१० साली ३३ खाणकामगार ६९ दिवसांनी अशाच कुपीतून सुटले.

आणि २०२३ ची गोष्ट तुमच्या आठवणीतली असेल. १२ नोव्हेंबर रोजी उत्तराखंडमधील सिल्क्यारा बोगद्याचा भाग कोसळून ४१ मजूर आत अडकले. वायुदलाच्या विमानांनी दिल्लीहून छिद्रणयंत्राचे भाग नेले. 'थंडरबर्ड्‌स'मधले दुसरे यान जे काम करी, तेच हे काम! पण ते यंत्र ढिगाऱ्यातील लोखंडात अडकून मोडले. शेवटचे दहा-बारा मीटर अंतर, खाणीत हाताने खोदण्याची सवय असलेल्या कामगारांनी फावड्या-घमेल्यांनी पुरे केले. १७ व्या दिवशी, २८ नोव्हेंबर रोजी, सर्व ४१ जण सुखरूप बाहेर आले. अँडरसन यांच्या मालिकेत यंत्र बहुधा ऐन वेळी जिंकते. खऱ्या जगात यंत्राबरोबर अनुभवी हातही सज्ज ठेवावे लागतात.

जेरी अँडरसन यांचे २६ डिसेंबर २०१२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी निधन झाले. अखेरच्या काळात त्यांना स्मृतिभ्रंशाचा विकार जडला होता. तो न लपवता, या आजाराची लोकांना माहिती व्हावी म्हणून त्यांनी जाहीरपणे त्याविषयी सांगितले.

जाता जाता दोन प्रश्न. आज बऱ्याच मोबाइल फोनांवर सेकंदाला २४० चित्रे टिपता येतात. ती सेकंदाला ३० च्या गतीने दाखवली, तर काडेपेट्यांचा कोसळणारा मनोरा मूळच्या कितव्या हिश्शाची प्रतिकृती म्हणून खपेल? आणि चंद्रावर गुरुत्व त्वरण पृथ्वीच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतके असते. तर तुमच्या अंगणात मारलेली उडी चंद्रावरची वाटावी, यासाठी ती किती पट संथ करून दाखवावी लागेल? आधी कागदावर हिशेब करा, मग चित्रण करून पडताळा पाहा.